टाळ्या पुरेत, सही करा

इंग्लंडमधल्या मराठी घरांत ऑक्टोबर लागला की एक वाद ठरलेला. पोर ‘इयर इलेव्हन’ला असतं. जीसीएसईची, म्हणजे आपल्या दहावीसारखी, परीक्षा मे-जूनमध्ये, पण पुढच्या दोन वर्षांचे, म्हणजे आपल्या हिशेबात अकरावी-बारावीचे, अर्ज त्याच्या कितीतरी आधी भरायचे असतात. या दोन वर्षांना इथे सिक्स्थ फॉर्म म्हणतात. आणि एके दिवशी जेवताना मुलगी सांगून टाकते की मला कलेच्या कॉलेजात अर्ज करायचाय. आई म्हणते, “अगं, छंद म्हणून कर की, कोण नको म्हणतंय?” बाबा म्हणतात, “आधी मॅथ्स-फिजिक्स घे. डिग्री हातात येऊ दे, मग काय नाचायचं ते नाच.” आणि पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आजी विचारतात, “म्हणजे सायन्सला मिळत नाहीये का तिला?”

प्रश्न आजींनी विचारला, पण मनात तो सगळ्यांच्याच असतो. सायन्स जमलं नाही तर कॉमर्स, तेही नाही जमलं तर आर्ट्स, ही उतरंड आपण विमानात बसताना सोबत घेतली आणि हीथ्रोला उतरल्यावरही खाली ठेवली नाही. ती इथे लागूच होत नाही, हे एकदा स्पष्ट सांगायला हवं. इथल्या कलेच्या सिक्स्थ फॉर्म कॉलेजात उरलेली मुलं जात नाहीत. तिथे जाण्यासाठी गुण लागतात, शिवाय काम दाखवावं लागतं, ऑडिशन द्यावी लागते, मुलाखतीत अनोळखी माणसांसमोर बसून स्वतःच्या कामाबद्दल बोलावं लागतं. सोळाव्या वर्षी. आपल्यातल्या किती जणांनी त्या वयात हे केलं असतं?

मराठी माणूस कलेच्या विरोधात आहे असं मी म्हणत नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून उभं आहे, ते नाटकं, गाणी, गणपती यांच्याच जिवावर. गणेशोत्सवातल्या नाचासाठी आईबाबा पोरांना पावसात, ट्रॅफिकमध्ये, तासभर गाडी चालवून तालमीला नेतात. नऊवारी भारतातून मागवतात. कार्यक्रमभर बाबांचा फोन वर धरलेला असतो, हात दुखला तरी खाली येत नाही. मग तेच बाबा ऑक्टोबरात गप्प का होतात? टाळ्या वाजवताना कला आपली असते. अर्जावर पालक म्हणून सही करायची वेळ आली की ती दुसऱ्यांच्या मुलांनी करायची गोष्ट होते. हा दुटप्पीपणा आहे आणि मुलांना तो लख्ख दिसतो. दहा वर्षं ज्या गोष्टीसाठी त्यांना शाबासकी दिली, तीच गोष्ट इयर इलेव्हनमध्ये अचानक वेळेचा अपव्यय कशी झाली, हे त्यांना कुणी समजावून सांगत नाही.

आता ही कॉलेजं आहेत तरी कशी, ते बघू. सगळ्यात गाजलेलं नाव ब्रिट स्कूलचं. लंडनच्या क्रॉयडन भागात, सेलहर्स्टला, १९९१ साली सुरू झालेली ही शाळा सरकारी पैशावर आणि ब्रिटिश संगीत उद्योगाच्या मदतीवर चालते. फी नाही. एमी वाइनहाउस इथली, ॲडेल इथली, लिओना लुईस इथली, स्पायडरमॅन झालेला टॉम हॉलंडही इथलाच. ही नावं ऐकली की पालक लगेच म्हणतात, “आपली काय ॲडेल होणार आहे?” चुकीचा प्रश्न आहे. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलाला कुणी विचारत नाही की तू विश्वेश्वरय्या होणार आहेस का. या शाळेत गाणाऱ्यांबरोबरच ध्वनियंत्रणा शिकणारे आहेत, प्रकाशयोजना करणारे आहेत, नेपथ्य उभारणारे आहेत, फिल्मचं संकलन करणारे आहेत. रंगमंचावर एक जण उभा राहतो तेव्हा मागे कितीतरी जण काम करत असतात, आणि त्या सगळ्यांना पगार मिळतो. मराठी नाटकवाल्याला हे वेगळं सांगायला नको.

आणि ब्रिट स्कूल एकटी नाही. पूर्व लंडनमध्ये ब्रॉम्ली-बाय-बोला ईस्ट लंडन आर्ट्स अँड म्युझिक आहे, २०१४ पासून. तिथे संगीताबरोबर फिल्म आणि गेम डिझाइनही शिकवतात. लिव्हरपूलला पॉल मॅकार्टनी ज्या शाळेत शिकला त्या इमारतीत १९९६ साली परफॉर्मिंग आर्ट्सची संस्था उघडली, ‘लिपा’ म्हणतात तिला. तिच्या नावाचं सिक्स्थ फॉर्म कॉलेज २०१६ साली सुरू झालं. इझलिंग्टनला लंडन स्क्रीन अकॅडमी आहे, २०१९ ची. ती काढणाऱ्यांत जेम्स बाँडचे आणि हॅरी पॉटरचे निर्माते आहेत. त्यांनी शाळा काढली ती दानधर्म म्हणून नव्हे, त्यांना सेटवर शिकलेली माणसं हवी आहेत म्हणून. या सगळ्या ठिकाणी सोळा ते एकोणीसच्या मुलांना शिक्षण फुकट आहे. लंडनमध्ये राहणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना ऑयस्टर कार्डावर बस आणि ट्राम फुकट. घरची परिस्थिती बेताची असेल तर सोळा ते एकोणीस वयाच्या मुलांसाठी सरकारी बर्सरी आहे.

आता जरा पैशाचं बोलू. इलेव्हन-प्लससाठी, म्हणजे ग्रामर स्कूलच्या प्रवेश परीक्षेसाठी, आपण पोर आठ वर्षांचं असल्यापासून शिकवण्या लावतो. ग्रामर स्कूल मिळावी म्हणून स्लाउ, सटन, केंट अशा ठिकाणी घरं बदलतो, वाढीव किमतीची घरं घेतो, वाढीव हप्ते भरतो. त्याला गुंतवणूक म्हणतो. आणि ज्या शिक्षणाला एक पौंड फी नाही, ते परवडत नाही म्हणतो.

यावर हमखास येणारा प्रश्न: “पण पुढे युनिव्हर्सिटीला चालतं का ते?” चालतं. या कॉलेजांत बहुतेक ठिकाणी ‘लेव्हल थ्री एक्स्टेंडेड डिप्लोमा’ असतो. तो तीन ए-लेव्हलच्या, म्हणजे साध्या सिक्स्थ फॉर्ममधल्या तीन विषयांच्या, बरोबरीचा धरतात. युनिव्हर्सिटी प्रवेशासाठी जे यूकास गुण मोजले जातात, त्यात एका ‘ए-स्टार’ला ५६ गुण. तीन ए-स्टारचे झाले १६८. ‘बीटेक’ (BTEC, आपलं बी.टेक. नव्हे) या प्रकारच्या एक्स्टेंडेड डिप्लोमात सर्वोच्च श्रेणी मिळवली तर तेही १६८. हा आकडा फ्रिजवर लिहून ठेवा.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगते. मुलीला डॉक्टर व्हायचं असेल तर ही वाट तिची नाही, तिला बहुतेक ठिकाणी केमिस्ट्री लागणार. काही जुनी, नामवंत विद्यापीठं काही अभ्यासक्रमांना ए-लेव्हलच मागतात. ज्याचं मन दोन्हीकडे आहे त्याने साध्या सिक्स्थ फॉर्ममध्ये आर्टबरोबर मॅथ्स घ्यावं, त्यातही काही कमी नाही. आणि कलेतली कमाई अनियमित असते. पहिली काही वर्षं तर फारच. हे मुलांपासून लपवू नये. पण हे सांगणं वेगळं आणि या भीतीने तिला अर्जच करू न देणं वेगळं. दोन वर्षांचा कोर्स आहे, जन्माची सही नाही.

आता अर्जाकडे येऊ, कारण घरची परवानगी मिळाल्यावर दुसरी गडबड तिथे होते. हिवाळ्याच्या तोंडावर ओपन इव्हनिंग असतात. मग ऑनलाइन अर्ज. त्यात बहुतेक ठिकाणी मुलाने स्वतःबद्दल लिहायचं असतं: हाच विषय का, हल्ली काय पाहिलंस, काय वाचलंस, काय केलंस. मग शाळेचं शिफारसपत्र. मग चित्रकलेला पोर्टफोलिओ, नाटक-नाच-संगीताला ऑडिशन किंवा गटात काम करून घेणारी कार्यशाळा, आणि मुलाखत. निवड झाली की अटीसह जागा देतात. अट जीसीएसईची असते, साधारणपणे पाच विषयांत ४ किंवा त्याहून वरची श्रेणी. निकाल ऑगस्टमधल्या एका गुरुवारी लागतो आणि मग प्रत्यक्ष प्रवेश. गणितात किंवा इंग्रजीत ४ मिळाले नाहीत तर कलेच्या कॉलेजातही तो विषय पुन्हा करावाच लागतो. २०१४ पासून हा नियम सगळ्या इंग्लंडला आहे. तेव्हा “कलेला जायचंय, आता गणित कशाला” असं मुलाने म्हटलं तर त्याला तिथेच थांबवा.

आपल्या घरात अर्ज भरतं कोण? बाबा. ऑफिसात रोज जी इंग्रजी लिहितात तीच लिहितात. मी सर्जनशीलतेबद्दल अत्यंत उत्साही असून सांघिक कामाचा मला अनुभव आहे. नेतृत्वगुण. संवादकौशल्य. हल्ली हे लिहायला एआय आहेच. अर्ज वाचणारे शिक्षक असे शेकडो कागद बघतात, त्यांना पोराचा आवाज आणि बापाचा आवाज यांतला फरक पहिल्या ओळीत कळतो. पोराला विचारा, गेल्या महिन्यात बघितलेल्या कुठल्या सिनेमात तुला काय खटकलं? ते दहा मिनिटं बोलेल. तेच लिहू द्या. स्पेलिंग तपासा आणि बाजूला व्हा.

पोर्टफोलिओचंही तेच. एका ओळखीच्या घरात मुलाखतीच्या आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर चित्रं मांडली होती. वडिलांनी निवडलेली. कॅलेंडरवरून काढलेला गणपती, सोनेरी किनारीसकट. रविवर्म्याच्या चित्राची नक्कल. फोटोवरून केलेला सूर्यास्तातला ताजमहाल. सगळं नेटकं, सगळं फ्रेमसाठी तयार. मुलीच्या दप्तरात एक मळकी वही होती, ती तिने कुणाला दाखवली नव्हती. तिची आजी सहा महिन्यांच्या व्हिसावर आली होती तेव्हाची. पानामागून पान आजीचे हात. टूटिंगहून आणलेली मेथीची जुडी, तिचं रबर आजीने मनगटात अडकवलेलं. देठाशी पान खुडताना अंगठ्याचं नख कसं वळतं ते एकाच पानावर चार वेळा काढलेलं, तीन वेळा खोडलेलं. एका कोपऱ्यात मेथीचा हिरवा डाग खराच लागलेला, आणि त्याच्याभोवती पेन्सिलने गोल करून लिहिलेलं की हा रंग मला बनवता येत नाहीये.

मी तिला म्हटलं, ही वही ने. वडिलांना ते पटलं नाही. शेवटी दोन्ही नेलं. मुलाखतीहून आल्यावर मुलीने सांगितलं की मुलाखत घेणाऱ्या बाईंनी गणपती पाहिला, छान म्हणाल्या आणि पुढे गेल्या. वही हातात आल्यावर त्या मेथीच्या पानावर थांबल्या. अंगठा चार वेळा का? पहिल्या तीनमध्ये काय चुकलं? चौथा बरोबर आहे असं तुला अजून वाटतं का? हिरव्यासाठी काय काय करून बघितलंस? मुलाखतीचा बाकीचा वेळ तेवढ्यावरच गेला. तिला जागा देऊ केली, नेहमीच्या अटींसह.

गणपती काढू नका, असा याचा अर्थ नाही. मंडळाच्या हॉलमध्ये मखर लावताना शिडीवर चढलेले काका, खाली ‘जरा डावीकडे’ म्हणणाऱ्या काकू, वायरींचा गुंता, हे बसून काढलं असेल तर ते पान पोर्टफोलिओत पहिलं ठेवा. तपासणाऱ्याला मुलीची नजर बघायची असते, हात किती सफाईदार आहे ते नंतर. दुसऱ्याच्या चित्राची सफाईदार नक्कल दुसऱ्याचीच नजर दाखवते. नाटक-नाचाच्या कार्यशाळेतही असंच. तिथे सगळ्यात जोरात बोलणाऱ्याला घेत नाहीत. दुसऱ्याने टाकलेली कल्पना तुम्ही उचलता का, शेजारच्याला जागा देता का, सूचना मिळाल्यावर तेच पुन्हा वेगळं करून दाखवता का, हे बघतात. ज्यांनी एकांकिकांच्या तालमी केल्यात त्यांना हे चांगलं ठाऊक आहे. आणि जो मुलगा तबला शिकलाय त्याने तो घरी ठेवून पियानोच्या ग्रेडची प्रमाणपत्रं घेऊन जाऊ नये. तबला न्यावा आणि वाजवावा.

पोर्टफोलिओतल्या त्या सफाईदार नकलेचं मूळ इकडे नाही, तिकडे आहे. महाराष्ट्रात कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा लाखो मुलांनी दिल्या आहेत. चांगल्या परीक्षा होत्या, स्थिरचित्र आणि स्मरणचित्र त्यांनीच शिकवलं. पण आज इंटरमिजिएटची श्रेणी दहावीच्या वाढीव गुणांशी जोडली आहे, ‘अ’ श्रेणीला ७ गुण. त्यामुळे कितीतरी घरांत चित्रकलेचा उपयोग तेवढाच उरला आणि दहावी झाली की रंगांचा डबा माळ्यावर गेला. १८५७ पासून मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट ज्या राज्यात उभं आहे, त्याच राज्यातल्या माणसांना कला म्हणजे गुण वाढवायचं साधन वाटावं, याचं मला वाईट वाटतं.

आणि इंजिनिअरिंग सोडून कलेकडे गेलेला मुंबईचा मुलगा उदाहरण म्हणून हवा असेल तर तो लंडनमध्येच आहे. शिल्पकार अनिश कपूर १९५४ साली मुंबईत जन्मले. इस्रायलमध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकायला लागले, ते सोडलं, लंडनला येऊन हॉर्नसी आणि चेल्सीच्या कला महाविद्यालयांत शिकले. १९९१ साली त्यांना टर्नर पारितोषिक मिळालं. त्यांचं काम बघायला आपण पाहुण्यांना घेऊन जातो, फोटो काढतो, ‘आपला मुंबईचा’ म्हणतो. पण त्यांनी ज्या वयात अभ्यासक्रम सोडला त्या वयातल्या आपल्या मुलाने तसा विषय काढला तर आपण काय म्हणू?

दोष फक्त आपलाच नाही. इथल्या सरकारांनीही या मुलांचं भलं केलेलं नाही. २०१० साली शाळांना मोजण्यासाठी ‘ई-बॅक’ नावाची पट्टी आणली. त्यात इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास किंवा भूगोल, एक परकी भाषा. कलेला जागा नव्हती. शाळांनी जे मोजलं जातं ते शिकवलं. डिझाइन अँड टेक्नॉलॉजी धरून सगळ्या कलाविषयांची जीसीएसईची नोंदणी तेव्हापासून चाळीस टक्क्यांहून अधिक घटली. २०२० च्या ऑक्टोबरात, करोनामुळे नाट्यगृहं बंद असताना, सरकारी पाठबळाची एक जाहिरात फिरली. बॅलेचे बूट बांधणारी एक मुलगी, आणि शेजारी मजकूर की फातिमाची पुढची नोकरी सायबरमध्ये असू शकते. इतका आरडाओरडा झाला की खुद्द संस्कृतिमंत्र्यांनी ती जाहिरात असभ्य ठरवली. पुढच्याच वर्षी विद्यापीठांतल्या कलाविषयांचं एक अनुदान निम्म्यावर आणलं. ई-बॅक मोडीत काढायचं सरकारने ठरवलं ते २०२५ च्या नोव्हेंबरात. पंधरा वर्षांत एक पिढी शाळेतून बाहेर पडली. फातिमाच्या त्या जाहिरातीवर आपणही चिडलो होतो, व्हॉट्सॲपवर पुढे पाठवली होती. आपल्या जेवणाच्या टेबलावर आपण मुलीला नेमकं तेच सांगतो, हे मात्र तेव्हा लक्षात आलं नाही.

या देशाला त्यातून मिळतं काय, हेही ऐका. सरकारच्याच हिशेबात सिनेमा, संगीत, गेम, डिझाइन, जाहिरात, प्रकाशन असे सर्जनशील उद्योग वर्षाला १२० अब्ज पौंडांहून अधिक भर घालतात आणि त्यांत वीस लाखांहून अधिक माणसं काम करतात. तिथे मराठी मुलांनी का नसावं? आणि इथल्या पडद्यावर, रंगमंचावर आपल्यासारख्यांची गोष्ट दिसत नाही म्हणून तक्रार करायची असेल, तर ती लिहिणारी, चित्रित करणारी, उजेडात आणणारी मुलं आपल्याच घरांतून जायला हवीत.

तेव्हा काम सोपं आहे. नॅशनल गॅलरी फुकट आहे, टेट मॉडर्न फुकट आहे, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट फुकट आहे. ग्लोब थिएटरमध्ये काही पौंडांत उभ्याने नाटक बघता येतं. एका शनिवारी जा, पण सेल्फी काढून पळू नका, एका चित्रासमोर पोराला हवा तेवढा वेळ उभं राहू द्या. ओपन इव्हनिंगला सोबत जा आणि प्रश्न मुलीला विचारू द्या. “नोकरी किती जणांना लागते?” हा प्रश्न तुम्ही जरूर विचारा, उत्तर नीट ऐका. नापास झाली, जागा मिळाली नाही, तर जवळच्या साध्या सिक्स्थ फॉर्मचा अर्ज भरलेला असू द्या. दोन्हीकडे अर्ज करायला कुणी अडवलेलं नाही.

आणि इयर इलेव्हनमधलं मूल घरात असेल तर आज रात्रीच त्याला हव्या असलेल्या कॉलेजच्या अर्जाची शेवटची तारीख बघा. ती जीसीएसईच्या कितीतरी महिने आधी येते, आणि ती चुकली की ऑडिशनला बोलावणं येईलच याची खात्री नसते.